एनआरएफ२ चा बँड ६८ किलोडाल्टनवर दिसतो, पण सल्फोराफेन देऊनही हलत नाही. शिवाय कॅन्सरमध्ये हे प्रोटीन रक्षक मानायचं की घातक?

प्रश्न : रेडॉक्स_पुणे

नमस्कार. हेपजी२ या यकृताच्या कॅन्सरपेशींमध्ये ब्रोकोलीतल्या सल्फोराफेनने एनआरएफ२ (ताणात पेशीची संरक्षक जनुकं चालू करणारं प्रोटीन) वाढतं, हे वेस्टर्न ब्लॉटवर (जेलमध्ये प्रोटीन वेगळी करून अँटिबॉडीने ओळखणं) दाखवायचं आहे. सध्याची पद्धत अशी आहे:

६ वेलची प्लेट, पेशी साधारण ७० टक्के भरलेल्या, १० टक्के सीरम घातलेलं डीएमईएम. सल्फोराफेन ५ मायक्रोमोलर, डीएमएसओ ०.१ टक्का, २४ तास. त्यानंतर रिपा बफरमध्ये बर्फावर ३० मिनिटं लायसिस, १२,००० जी वर १५ मिनिटं सेंट्रिफ्यूज, आणि फक्त वरचा द्राव घेतला. २० मायक्रोग्रॅम प्रोटीन, १२ टक्के जेल.

अडचणी चार आहेत. ६८ किलोडाल्टनच्या आसपास ठळक बँड येतो, पण कंट्रोल आणि सल्फोराफेन दोन्हींत तो सारखाच असतो. १०० च्या जवळ एक पुसट रेघ दिसते, ती कधी येते, कधी नाही. दुसरं, करक्युमिन २० मायक्रोमोलर दिलं की एनआरएफ२ च्या लक्ष्य जनुकांपैकी एचएमओएक्स१ चा आरएनए भरपूर वाढतो, एनक्यूओ१ चा जेमतेम. तिसरं, ५ मिलिमोलर एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन आधी दिलं की सल्फोराफेनचा परिणाम पूर्ण थांबतो. म्हणजे सल्फोराफेन आरओएस (क्रियाशील ऑक्सिजन रेणू) वाढवून एनआरएफ२ चालू करतं, असं लिहिता येईल का?

चौथं प्रस्तावनेबद्दल. काही लेख एनआरएफ२ ला पेशींचा रक्षक म्हणतात, काही फुप्फुसाच्या कॅन्सरचा चालक. दोन्ही खरं असेल तर ते एकाच परिच्छेदात कसं मांडायचं?

उत्तर १ : आठ_टक्के_जेल

६८ वरचा बँड सोडून द्या, तो एनआरएफ२ नाही. या प्रोटीनच्या बाबतीत हा घोटाळा इतका जुना आहे की छापून आलेल्या अनेक निबंधांतही चुकीचा बँड मोजलेला सापडतो.

मानवी एनआरएफ२ मध्ये ६०५ अमिनो आम्लं आहेत, त्यामुळे हिशेबाने वस्तुमान ६८ किलोडाल्टनच्या आसपास येतं. पण त्यात आम्लधर्मी अमिनो आम्लं खूप आहेत. अशा प्रोटीनला एसडीएस कमी चिकटतं आणि ते जेलमध्ये मागे रेंगाळतं. म्हणून खरा बँड ९५ ते ११० किलोडाल्टनच्या दरम्यान दिसतो. ट्रिस-ग्लायसीन जेल वापरलं की बिस-ट्रिस, आणि लॅडर कोणतं, यावर आकडा थोडा सरकतो. रंगीत लॅडरचे बँड स्वतःच काही किलोडाल्टन इकडेतिकडे असतात, त्यामुळे "बरोबर १०० वर नाही" म्हणून घाबरू नका. कधी दोन बँड जवळजवळ दिसतात, त्यात फॉस्फोरायलेशनचा हात असतो.

तुमची ती येणारी-जाणारी पुसट रेघ बहुधा खरी आहे. ती पुसट का, याची कारणं तुमच्या पद्धतीतच आहेत.

पहिलं म्हणजे जेल. १२ टक्क्यांत १०० च्या आसपासचे बँड वरच्या बाजूला दाटीने बसतात. ८ टक्के घ्या आणि ७० चा मार्कर खालच्या तिसऱ्या भागात येईपर्यंत चालवा.

दुसरं म्हणजे लायसिस. एनआरएफ२ चं आयुष्य मिनिटांत मोजायचं असतं आणि तुम्ही लायसेट अर्धा तास ठेवता. बर्फावर प्रक्रिया मंदावतात, थांबत नाहीत. शिवाय डीएनएला बिलगलेला हिस्सा रिपामध्ये नीट सुटत नाही आणि सेंट्रिफ्यूजनंतर गोळ्याबरोबर फेकला जातो. सक्रिय एनआरएफ२ नेमका तिथेच असतो. त्यापेक्षा प्लेट बर्फावर ठेवा, थंड पीबीएसने दोनदा धुवा, पीबीएस पूर्ण शोषून काढा आणि प्रत्येक वेलमध्ये १५० मायक्रोलिटर गरम एसडीएस बफर टाका (१ टक्का एसडीएस, ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.५). लगेच खरवडून ट्यूबमध्ये घ्या आणि ९५ अंशांवर ५ ते १० मिनिटं उकळा. डीएनएमुळे लायसेट शेंबडासारखं चिकट होईल. सोनिकेटरचे १० सेकंदांचे तीन झटके द्या, नसेल तर इन्सुलिनच्या सिरिंजमधून दहा वेळा ओढून सोडा. हा चिकटपणा राहिला तर नमुना वेलमधून वर तरंगतो आणि लेन वाकडी धावते.

प्रोटीन बीसीए पद्धतीने मोजा. बीसीए इतकं एसडीएस सहज चालवून घेतं, ब्रॅडफोर्ड घेत नाही. डीटीटी आणि ब्रोमोफेनॉल ब्लू मात्र मोजून झाल्यावरच घाला, डीटीटीने बीसीएचं वाचन खोटं वाढतं.

प्रत्येक लेनमध्ये ३० ते ५० मायक्रोग्रॅम घ्या. पीव्हीडीएफवर १०० व्होल्ट, ९० मिनिटं, थंडीत ट्रान्सफर करा. प्राथमिक अँटिबॉडी ४ अंशांवर रात्रभर ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाचं. बँड ओळखायचा तो आकड्यावरून नाही, वागणुकीवरून. त्याच जेलवर हे चार नमुने हवेतच: डीएमएसओ, प्रोटीन मोडणारा प्रोटिएझोम अडवणारं एमजी१३२ (१० मायक्रोमोलर, ४ तास), एनएफई२एल२ (एनआरएफ२ चं जनुक) दाबणारा एसआयआरएनए ४८ तास दिलेल्या पेशी ज्यांना शेवटी एमजी१३२ दिलं आहे, आणि ए५४९ या फुप्फुसाच्या कॅन्सरपेशींचं लायसेट. एमजी१३२ ने जो वाढतो, एसआयआरएनएने जो जातो आणि ए५४९ मध्ये काहीही न देता जो ठळक दिसतो, तो तुमचा बँड. ए५४९ मध्ये कीप१ चं (एनआरएफ२ ला धरून मोडायला लावणारं प्रोटीन) जी३३३सी हे म्युटेशन आहे, त्यामुळे तिथे एनआरएफ२ कायम साचलेलं असतं. हा कंट्रोल फुकटात मिळतो, वापरत चला.

अँटिबॉडीबद्दल एक इशारा: काही जुन्या अँटिबॉडी काल्मेजिन नावाचं एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममधलं प्रोटीनही पकडतात, आणि ते एनआरएफ२ च्या अगदी शेजारी धावतं. म्हणून एसआयआरएनएची लेन टाळू नका. पुरवठादाराच्या पानावर कितीही सुंदर ब्लॉट छापलेला असो.

उत्तर २ : अर्धायुष्य

वरच्या उत्तराशी सहमत. पण जेल सुधारलं तरी २४ तासांवर तुम्हाला फारसं काही दिसणार नाही, कारण वेळ चुकली आहे.

शांत पेशीत एनआरएफ२ सतत बनतं आणि सतत मोडतं. कीप१ ची जोडी त्याला दोन ठिकाणी धरते: ईटीजीई हा घट्ट पकडीचा भाग (अमिनो आम्ल ७९ ते ८२) आणि डीएलजी हा सैल पकडीचा (२९ ते ३१). दोन्ही बाजू धरल्या गेल्या की मधली सात लायसिनं कल३ लायगेजच्या समोर नीट बसतात, युबिक्विटिन (मोडण्याची खूण) लागतं आणि प्रोटिएझोम काम संपवतो. अर्धायुष्य साधारण १५ ते २० मिनिटं. बनवण्याचा वेग बदलण्यापेक्षा मोडण्याचा वेग रोखणं हाच इथला मुख्य मार्ग आहे.

सल्फोराफेन कीप१ च्या सिस्टीन १५१ ला जाऊन चिकटतं. पुस्तकांतल्या जुन्या आकृतीत कीप१ एनआरएफ२ ला "सोडून देतं" आणि मग ते केंद्रकात जातं, असा बाण असतो. तो बाण प्रस्तावनेच्या आकृतीत काढू नका. बदललेलं कीप१ आधीच्या एनआरएफ२ ला धरूनच बसतं, फक्त युबिक्विटिन लावण्याचं काम अडतं. कीप१ असं भरलेलं राहिलं की नव्याने बनणाऱ्या एनआरएफ२ ला धरायला कुणी मोकळं नसतं. तेच केंद्रकात पोचतं, लहान माफ प्रोटीनशी जोडी करतं आणि लक्ष्य जनुकांजवळच्या एआरई या डीएनए क्रमावर बसतं. नवीन प्रोटीन बनणं थांबवणारं सायक्लोहेक्सिमाइड आधी दिलं तर सल्फोराफेनचा परिणाम दिसत नाही, तो याच कारणाने.

म्हणून वेळा अशा ठेवा: प्रोटीनसाठी ०, १, २, ४, ८ आणि २४ तास. शिखर बहुतेकदा २ ते ६ तासांत येतं, २४ तासांवर ते खाली आलेलं असतं. आरएनएसाठी ४, ८, १६, २४ तास. एनक्यूओ१ च्या प्रोटीनसाठी २४ आणि ४८ तास, कारण ते सावकाश साचतं आणि बराच काळ टिकतं. एकाच वेळेला सगळं मोजायचा हट्ट धरला की "एनआरएफ२ वाढलं नाही, एनक्यूओ१ मात्र वाढलं" असा गोंधळात टाकणारा निकाल हमखास येतो.

अर्धायुष्य दाखवायचं असेल तर सल्फोराफेन २ तास, मग सायक्लोहेक्सिमाइड ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, आणि ०, १०, २०, ४०, ६० मिनिटांवर थेट गरम बफरमध्ये लायसिस. सर्व वेल एकाच वेळी थांबतील अशा बेताने औषध उलट्या क्रमाने टाका. एकेक वेल वेगवेगळ्या वेळी उचलली तर प्लेट दर वेळी इन्क्युबेटरबाहेर थंड होते आणि मोडण्याचा वेगच बदलतो. कंट्रोल पेशींत सुरुवातीचा बँड मुळातच पुसट असतो, म्हणून त्या ब्लॉटला जास्त एक्स्पोजर लागेल. दोन्ही मालिका त्यांच्या त्यांच्या शून्य मिनिटाशी ताडा, एकमेकींशी नाही.

एमजी१३२ बद्दल: बँड ओळखायला ते उत्तम आहे, पण त्यावरून यंत्रणेबद्दल निष्कर्ष काढू नका. प्रोटिएझोम बंद झाला की उष्माघात प्रतिसादासकट अर्धा डझन ताण एकदम सुरू होतात. कलिन लायगेजवरच बोट ठेवायचं असेल तर पेव्होनेडिस्टॅट (एमएलएन४९२४) १ मायक्रोमोलर जास्त नेमकं आहे.

आणि सल्फोराफेनचा स्टॉक तपासा. रेणुभार १७७.३, म्हणजे १० मिलिमोलरसाठी १.७७ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर डीएमएसओ. २ मिलिलिटर माध्यमात १ मायक्रोलिटर टाकलं की ५ मायक्रोमोलर होतात आणि डीएमएसओ फक्त ०.०५ टक्का राहतो. लहान भाग करून उणे ८० अंशांत ठेवा, एक भाग एकदाच वितळवा. माध्यमात बीटा-मरकॅप्टोइथेनॉल असेल तर ते सल्फोराफेन आधीच खाऊन टाकतं. आणखी एक गोष्ट सहज सुटते: सल्फोराफेन पेशीत ग्लुटाथायोनशी जोडून मिलिमोलर पातळीपर्यंत साचतं, म्हणून माध्यमातल्या सांद्रतेइतकंच पेशीमागे किती रेणू आले हेही मोजलं जातं. ६ वेलच्या प्लेटवर ठरवलेला डोस ९६ वेलवर तसाच लागू पडत नाही. पेशींची संख्या आणि माध्यमाचं आकारमान पक्कं ठरवून घ्या आणि पद्धतीत लिहा.

रेडॉक्स_पुणे

दोघांचेही आभार. ८ टक्के जेल आणि वेळांची मालिका दोन्ही करते. केंद्रकातला भाग वेगळा करून दाखवणं गरजेचं आहे का? आणि करक्युमिन व एन-अ‍ॅसिटिल सिस्टीनबद्दल कुणी सांगेल का?

उत्तर ३ : थायोल_गट

केंद्रकाचा भाग वेगळा केलात तर लॅमिन बी१ (केंद्रकातलं) आणि ट्युब्युलिन (केंद्रकाबाहेरचं) दोन्ही ब्लॉट दाखवा. पण त्याने फार काही जास्त सिद्ध होत नाही. लक्ष्य जनुकं चालू झाली की एनआरएफ२ केंद्रकात पोचलं होतंच. वेगळं करण्यात जाणारा तास-दीड तास या प्रोटीनला परवडत नाही.

आता करक्युमिन. एचएमओएक्स१ एकटं पाहून "एनआरएफ२ चालू झालं" असं कधीही लिहू नका. त्या जनुकावर बाख१ नावाचा दाबणारा घटक बसलेला असतो, आणि बऱ्याच पेशींत एचएमओएक्स१ ची खरी किल्ली बाख१ कडेच असते. हीममुळे बाख१ हटतं. शिवाय उष्माघात प्रतिसाद आणि एपी-१ हेही एचएमओएक्स१ वाढवतात. करक्युमिन २० मायक्रोमोलरला यातलं बरंच काही एकदम करतं. त्यामुळे एचएमओएक्स१ भरपूर आणि एनक्यूओ१ जेमतेम हा तुमचा निकाल विसंगत नाही, तो दोन वेगळ्या वाटा दाखवतो. एनआरएफ२ साठी एनक्यूओ१, जीसीएलएम, एसआरएक्सएन१ आणि टीएक्सएनआरडी१ असा गट मोजा, आणि एनआरएफ२ च्या एसआयआरएनएने त्यातलं किती पडतं ते दाखवा. एसआयआरएनएनंतरही जे वाढतं ते एनआरएफ२ च्या खात्यात घालू नका.

करक्युमिनचं आणखी एक दुखणं म्हणजे टिकाऊपणा. सीरम नसलेल्या, पीएच ७.२ च्या फॉस्फेट बफरमध्ये ३७ अंशांवर अर्ध्या तासात त्याचा सुमारे ९० टक्के भाग मोडतो. १० टक्के सीरममध्ये ते बरंच जास्त टिकतं, पण तिथेही ८ तासांत जवळजवळ निम्मं जातं. म्हणजे २४ तासांच्या प्रयोगात तुम्ही बहुतांश वेळ मोडलेल्या तुकड्यांचा परिणाम मोजत असता. रंगीत आणि प्रकाश सोडणारा रेणू असल्यामुळे ल्युसिफेरेज आणि फ्लुओरोसन्सच्या मोजण्याही तो बिघडवतो. सांगलीच्या हळदीवर काम करणाऱ्या गटांना करक्युमिनचं आकर्षण असणं साहजिक आहे, आणि ते काम व्हायलाही हवं. फक्त प्रत्येक प्रयोगात पेशी नसलेली, नुसतं माध्यम आणि करक्युमिन असलेली वेल ठेवा.

एन-अ‍ॅसिटिल सिस्टीनचा (एनएसी) निष्कर्ष मात्र काढून टाका. "एनएसीने थांबलं म्हणजे आरओएस होते" हे वाक्य या क्षेत्रात सर्वांत जास्त वेळा चुकीचं लिहिलं जातं. एनएसी हे थायोल आहे, सल्फोराफेन हे आयसोथायोसायनेट. दोघं प्लेटमध्येच एकमेकांशी थेट जोडले जातात. ५ मिलिमोलर एनएसी म्हणजे तुमच्या सल्फोराफेनच्या हजारपट थायोल. पेशीपर्यंत मोकळं सल्फोराफेन पोचलंच नाही, मग परिणाम दिसणार कसा? त्यात भर म्हणजे एनएसीचं द्रावण आम्ल असतं. सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.४ ला आणलं नाही तर माध्यमाचा रंग पिवळा पडतो आणि पेशी आम्लामुळेच वेगळं वागतात.

खरं उत्तर हवं असेल तर कीप१ च्या सिस्टीनकडे चला. सिस्टीन १५१ च्या जागी सेरीन घातलेल्या (सी१५१एस) पेशींत सल्फोराफेन जवळजवळ निष्प्रभ होतं, पण हायड्रोजन पेरॉक्साइड काम करतच राहतं, कारण पेरॉक्साइडची जाणीव २२६, ६१३, ६२२ आणि ६२४ या इतर सिस्टीनांकडून होते. दोन्ही रसायनं दोन्ही पेशींवर एकाच दिवशी द्या. सी१५१एस मध्ये सल्फोराफेन पडलं आणि पेरॉक्साइड टिकलं, तर सल्फोराफेन थेट कीप१ ला चिकटतं, आरओएसच्या वाटेने जात नाही, हे एका आकृतीत दिसेल. आरओएस मोजायला वापरतात त्या डीसीएफडीएचा रंग दाखवून हा वाद मिटत नाही. तो रंग लोह, पेरॉक्सिडेज, प्रकाश अशा अनेक गोष्टींनी बदलतो.

पेशीचा प्रकार बदलणार असाल तर एक सापळा लक्षात ठेवा. एनक्यूओ१ चा सी६०९टी हा प्रकार दोन्ही प्रतींत असेल तर प्रोटीन अस्थिर होतं आणि जवळजवळ दिसतच नाही, आरएनए मात्र व्यवस्थित वाढतो. एमडीए-एमबी-२३१ पेशी तशाच आहेत. तिथे एनक्यूओ१ चं वेस्टर्न रिकामं आलं म्हणून पद्धतीला दोष देत बसाल.

उत्तर ४ : पॅथॉलॉजी_मिरज

चौथा प्रश्न मी घेतो, कारण प्रस्तावनेत "दुधारी तलवार" लिहून पुढे जाण्याची प्रथा वाचकाला काहीच सांगत नाही. रक्षक की घातक हे प्रोटीनवर ठरत नाही. ते किती वेळ चालू राहतं आणि कोणत्या पेशीत चालू राहतं, यावर ठरतं.

उंदरांपासून सुरुवात करा. एनआरएफ२ नसलेला उंदीर जगतो, वाढतो, पिल्लंही देतो. पण त्याला पॅरासिटामॉलचा जास्त डोस द्या, साध्या उंदराला झेपेल इतकाच, आणि त्याचं यकृत जातं, कारण ग्लुटाथायोन बनवणारी आणि विषारी भाग बाहेर काढणारी यंत्रणा वेळेत उभी राहत नाही. आता उलट करा, कीप१ काढून टाका. एनआरएफ२ जन्मापासून मोकाट. हे पिल्लू साधारण तीन आठवड्यांच्या आत मरतं. अन्ननलिका आणि जठराचा पुढचा भाग केराटिनने इतका जाड होतो की अन्नच जात नाही. त्याच उंदरात एनआरएफ२ सुद्धा काढलं की पिल्लू वाचतं. दोष कीप१ च्या नसण्याचा नसून न थांबणाऱ्या एनआरएफ२ चा होता, हे यावरून ठरलं. प्रस्तावनेत एवढा एक प्रयोग नीट सांगितलात तरी पुरे.

माणसात याचं जन्मजात रूपही आहे. २०१७ मध्ये एनएफई२एल२ मधली नव्याने उद्भवलेली म्युटेशनं असलेली चार मुलं नोंदवली गेली. बदल डीएलजी आणि ईटीजीईच्या भागातच, म्हणजे कीप१ ची पकड सुटलेली. वाढ खुंटलेली, वारंवार संसर्ग, विकासात मागे, आणि रक्तात होमोसिस्टीन कमी. सिस्टीन ग्लुटाथायोनकडे ओढलं जातं म्हणून होमोसिस्टीन उतरतं. होमोसिस्टीन वाढलेलं आपण नेहमी शोधतो, कमी असलेलं सहसा कुणी पाहत नाही, पण अशा मुलात तो धागा असू शकतो.

कॅन्सरमध्ये हीच पकड सुटते, फक्त शरीरपेशीत. फुप्फुसाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमात कीप१ ची म्युटेशनं साधारण पाचातल्या एका गाठीत सापडतात. स्क्वॅमस प्रकारात कीप१, एनएफई२एल२ आणि कल३ मिळून जवळजवळ एक तृतीयांश गाठींत ही साखळी बिघडलेली असते. दोन्ही जनुकांचा नमुना वेगळा असतो आणि अहवाल वाचताना तो उपयोगी पडतो. एनएफई२एल२ चे बदल एक्झॉन २ मध्ये, डीएलजी आणि ईटीजीईच्या आसपास दाटलेले: डी२९, एल३०, जी३१, आर३४, आणि ई७९, टी८०, जी८१, ई८२. कीप१ चे मात्र पूर्ण जनुकात विखुरलेले असतात, कारण पकड बिघडवायला शंभर वाटा आहेत. म्हणून एनएफई२एल२ साठी एक्झॉन २ वाचून बरंचसं भागतं, कीप१ साठी पूर्ण जनुक वाचावं लागतं.

गाठीला यातून काय मिळतं? ग्लुटाथायोन, थायोरेडॉक्सिन, औषध बाहेर फेकणारे पंप, आणि पेंटोज फॉस्फेटच्या वाटेने एनएडीपीएच व न्यूक्लिओटाइड. म्हणून रेडिएशन आणि प्लॅटिनम दोन्हींना दाद कमी. एसटीके११ (गाठ रोखणारं एक जनुक) आणि कीप१ दोन्ही गेलेल्या गाठींत इम्युनोथेरपीचाही लाभ कमी दिसतो. याची किंमतही गाठ मोजते: सिस्टीन आत घेण्यासाठी ती ग्लुटामेट बाहेर फेकत राहते, त्यामुळे ग्लुटामिनवर फार अवलंबून राहते. उपचाराची एक दिशा तिथूनच शोधली जाते आहे.

म्युटेशनशिवायही ही पकड सुटते. फ्युमरेट हायड्रेटेज नसलेल्या मूत्रपिंडाच्या आनुवंशिक कॅन्सरमध्ये साचलेलं फ्युमरेट कीप१ च्या सिस्टीनांना जाऊन चिकटतं. ऑटोफॅजी (पेशीची आतली सफाई) अडली की साचलेलं पी६२ हे प्रोटीन कीप१ ला अडकवून ठेवतं. म्हणून "कीप१ म्युटेशन नाही" म्हणजे "एनआरएफ२ शांत आहे" असं होत नाही. गाठीच्या कापावर एनक्यूओ१ किंवा एकेआर१बी१० ही एनआरएफ२ ची लक्ष्य प्रोटीनं रंगवून पाहिलं तर जास्त खरं कळतं.

तीच फ्युमरेटची रसायनकथा औषधातही आहे. डायमिथिल फ्युमरेट मल्टिपल स्क्लेरोसिससाठी अमेरिकेत २०१३ पासून मान्य आहे: पहिले ७ दिवस १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पुढे २४० मिलिग्रॅम दोनदा. लिम्फोसाइट खाली येतात, म्हणून सुरू करण्यापूर्वी, ६ महिन्यांनी आणि पुढे दर ६ ते १२ महिन्यांनी रक्तगणना लागते. त्याचा परिणाम पूर्ण एनआरएफ२ मधूनच येतो असं लिहू नका. चेहरा लाल होणं तर दुसऱ्याच रिसेप्टरमुळे होतं.

ओमाव्हेलोक्सोलोन फ्रीडरिख अ‍ॅटॅक्सियासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झालं, १६ वर्षं आणि त्यावरच्या रुग्णांना, रोज १५० मिलिग्रॅम, उपाशीपोटी. चाचणीत ४८ आठवड्यांनी अ‍ॅटॅक्सियाच्या मापनपट्टीवर प्लासिबोपेक्षा २.४ गुणांचा फरक दिसला. यकृताची एन्झाइमं आणि बीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्तचाचणी) पाहत राहावं लागतं. सीवायपी३ए४ (औषधं मोडणारं यकृतातलं एन्झाइम) जोरात अडवणारी औषधं सोबत टाळावीत, ग्रेपफ्रूटही.

आणि त्याच कुळातलं बार्डोक्सोलोन मिथिल: मधुमेह आणि चौथ्या टप्प्याचा मूत्रपिंडविकार असलेल्या २,१८५ रुग्णांची चाचणी ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण हार्ट फेल्युअर वाढलं. बहुतेक त्रास पहिल्या चार आठवड्यांत, शरीरात पाणी साठून. जीएफआरचा (मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग) आकडा मात्र छान वाढत होता. प्रस्तावनेत उपचाराची आशा लिहायची असेल तर हा प्रसंग त्याच पानावर असायला हवा.

शेवगा_आणि_मोहरी

मध्येच विचारतो, क्षमा असावी. शेवगा, मुळा, मोहरी, नवलकोल यांतही आयसोथायोसायनेटं असतात. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णाने सल्फोराफेनच्या गोळ्या किंवा ब्रोकोलीच्या मोडांचा अर्क घ्यावा का?

पॅथॉलॉजी_मिरज

जेवणातला शेवगा आणि मोहरी बिनधास्त. भाजीत ग्लुकोसिनोलेट असतं, ते मायरोसिनेज एन्झाइमने मोडल्यावर आयसोथायोसायनेट बनतं. कुकरमध्ये शिजवल्यावर एन्झाइम जातं, मग आतड्यातले जिवाणू थोडंफार करतात. ब्रोकोलीच्या मोडांमधून २०० मायक्रोमोल आयसोथायोसायनेट एकदम दिलं तरी रक्तातलं शिखर १ ते २ मायक्रोमोलरच्या आसपास राहतं आणि काही तासांत उतरतं. प्लेटमधले ५ मायक्रोमोलर आणि ताटातली भाजी यांची तुलना इथेच संपते.

गोळ्या आणि अर्क वेगळे. गाठीत कीप१ आधीच गेलं असेल तर सल्फोराफेनला तिथे करण्यासारखं काही उरत नाही. कीप१ शाबूत असेल, तर केमो किंवा रेडिएशन चालू असताना गाठीची ढाल आपणच उचलून देण्याचा धोका राहतो. फुप्फुसाचा कॅन्सर असलेल्या उंदरांना एनएसी आणि ई जीवनसत्त्व दिल्यावर गाठी जोमाने वाढल्याचं २०१४ मध्ये दिसलं, आणि २०१९ मध्ये त्याच वाटेवर बाख१ स्थिर होऊन गाठ पसरायला मदत होते हे पुढे आलं. उपचार चालू असलेल्या रुग्णाने अशी कोणतीही गोळी घेण्याआधी ऑन्कोलॉजिस्टला डबी नेऊन दाखवावी, आधीपासून घेत असेल तर तेही सांगावं. पॅरासिटामॉलच्या विषबाधेत किंवा इतर कारणाने डॉक्टरांनी दिलेलं एनएसी ही वेगळी बाब आहे, ते आपल्या मनाने बंद करू नये.

रेडॉक्स_पुणे

फार मोलाचं मिळालं. शेवटचं एक: कीप१ म्युटेशनचा परिणाम दाखवायला ए५४९ ची तुलना थेट हेपजी२ शी केली तर चालेल का?

आठ_टक्के_जेल

नाही. एक फुप्फुसाची, एक यकृताची, त्यात ए५४९ मध्ये एसटीके११ आणि केरास दोन्ही बिघडलेले. जो फरक दिसेल तो कशाचा, हे कुणीच सांगू शकणार नाही. ए५४९ मध्येच शाबूत कीप१ परत घाला आणि रिकाम्या व्हेक्टरच्या ए५४९ शी तुलना करा. लेंटिव्हायरसने घालत असाल तर कीप१ ची पातळी हेपजी२ च्या नैसर्गिक पातळीइतकीच आहे ना, ते ७० किलोडाल्टनच्या जवळच्या बँडवर तपासा. खूप जास्त झालं तर सल्फोराफेनचा नेहमीचा डोस अपुरा पडतो आणि पेशी उगाच बधिर वाटतात. क्लोन निवडण्यापेक्षा मिश्र समूहावर काम करा, आणि व्हायरस दिल्यावर लवकर मोजा. एनआरएफ२ खाली आलेल्या पेशी हळू वाढतात, त्यामुळे काही आठवड्यांत ज्यांनी कीप१ गमावलं किंवा दाबलं त्या पुढे निघून जातात. गोठवलेल्या पहिल्या नळ्या त्यासाठी राखून ठेवा.